कागदावाचून तेवीस वर्षे

लाइनमन म्हटले की आपल्याकडे विजेच्या खांबावर चढणारा मनुष्य डोळ्यांसमोर येतो. आमचीही समजूत साठी उलटेपर्यंत तीच होती. निवृत्तीनंतर कन्येच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां अमेरिकेत ओहायो प्रांतात सहा महिने राहिलो, तेव्हा जावईबापू दर रविवारी दूरचित्रवाणीसमोर बसून जो खेळ पाहत त्यातही लाइनमन असतात असे कळले. प्रथम आम्हाला त्या खेळात धक्काबुक्कीपलीकडे काही दिसेना. फुटबॉल म्हणायचे आणि पायाचा उपयोग क्वचितच करायचा, हे तर आमच्या कारकुनी बुद्धीला अगदीच नियमबाह्य वाटले.

जावईबापूंनी चिकाटीने समजावून दिले ते थोडक्यात असे. अकरा जणांच्या संघाने चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. तेवढे साधले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू घेऊन धावणारा किंवा तो लांब फेकणारा गडी लोकांच्या तोंडी असतो. पण त्याच्यापुढे जी माणसांची भिंत उभी राहते, समोरच्या तितक्याच दांडग्या भिंतीशी भिडते आणि त्याला वाट करून देते, ते हे लाइनमन. त्यांच्या हाती बहुधा आयुष्यभर चेंडू येत नाही. हे ऐकल्यावर मात्र आम्ही खुर्ची जरा पुढे ओढली. सदतीस वर्षे दुसऱ्याच्या सहीसाठी टिपणे लिहिलेल्या मनुष्याला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नव्हते.

पुढे एका रविवारी आम्हाला कँटन या गावी नेण्यात आले. या खेळाच्या व्यावसायिक संघटनेची स्थापना १९२० साली त्याच गावातील एका मोटारविक्रीच्या दुकानात झाली. खुर्च्या पुरेनात म्हणून काही मंडळी मोटारींच्या पायफळ्यांवर बसली होती म्हणे. त्या नात्याने १९६३ साली तेथे या खेळातील थोर पुरुषांचे स्मृतिमंदिर उभारले गेले. एका अर्धवट अंधाऱ्या दालनात ओळीने ब्राँझचे अर्धपुतळे मांडलेले आहेत. सौभाग्यवती दोन ओळींनंतर बाकावर विसावल्या. आम्ही मात्र प्रत्येक नावाखालची पाटी वाचत चाललो होतो (पाटी दिसली की वाचायची, ही सवय दौऱ्यांनी लावलेली) आणि स्टीव्ह ओवेन या नावापाशी थांबलो. रुंद चेहरा, आखूड मान, एखाद्या गावच्या पाटलाला शोभावा असा. जावईबापू सहज म्हणाले, "बाबा, हे न्यूयॉर्क जायंट्सचे प्रशिक्षक. तेवीस वर्षे होते. यांचा लेखी करारच नव्हता म्हणतात. मालकाशी हात मिळवला, तेवढ्यावर."

त्या वाक्याने आम्ही किती अस्वस्थ झालो हे त्यांना कळणे शक्य नव्हते. त्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आमचे तीर्थरूप माळव्यातील एका लहानशा संस्थानात कोठीवर कारकून होते. नेमणूक कशी झाली, तर दिवाणसाहेबांनी ओसरीवर उभ्या उभ्या सांगितले, "उद्यापासून येत जा." झाले. हुकूम नाही, सनद नाही. नऊ वर्षे त्यांनी धान्याचा, घासदाण्याचा, दिवाबत्तीच्या तेलाचा पै-पैचा हिशेब ठेवला. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तेव्हा नव्या सरकारने नोकरीत घेतले खरे, पण मागील सेवेचा लेखी पुरावा मागितला. हजेरीपट सापडेनात. दिवाणसाहेब वारले होते. ती नऊ वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात कधीच आली नाहीत. तीर्थरूपांनी त्याबद्दल कोणाला दोष दिल्याचे आम्ही ऐकले नाही. मात्र आम्ही नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी उपदेश केला तो एकच : "शब्द घेऊ नकोस, कागद घे." आम्ही तो जन्मभर पाळला. किती कठोरपणे पाळला, ते पुढे येईलच.

कन्येच्या गावी सार्वजनिक ग्रंथालय उत्तम होते. ओवेन यांचे १९५२ सालचे 'माय काइंड ऑफ फुटबॉल' हे पुस्तक आणि त्या काळावरची आणखी काही पुस्तके आम्ही तेथे बसून वाचली. या मनुष्याचा जन्म १८९८ सालचा, ओक्लाहोमातील क्लिओ स्प्रिंग्ज या वस्तीतला. तो मुलूख मूळच्या जमातींकडून काढून घेऊन अवघ्या पाच वर्षांपूर्वी, १८९३ साली, वसाहतवाल्यांना खुला झालेला होता. एनिड येथील फिलिप्स विद्यापीठात तो शिकला. पोटासाठी कुस्त्या लढल्या, त्या मात्र 'जॅक ओब्रायन' या खोट्या नावाने, कारण पैसे घेऊन लढल्याचे उघडकीस आले असते तर महाविद्यालयाच्या संघात खेळता आले नसते. उंची पाच फूट दहा इंच, वजन एकशे आठ किलोच्या आसपास. आमच्या इंदुरात जन्मला असता तर होळकरांच्या आश्रयाने एखाद्या आखाड्याचा वस्ताद झाला असता, असे आम्हाला वाटून गेले.

१९२४ साली तो कॅन्सस सिटीच्या संघातून व्यावसायिक खेळाडू झाला. तो संघ पुढे 'काउबॉइज' या नावाने गावोगाव फिरे आणि लोकांनी सामन्याला यावे म्हणून ही मंडळी रुंद टोप्या घालून परगावच्या रस्त्यांतून मिरवणूक काढीत. आपल्याकडे तमाशाचा फड गावात आल्यावर व्हायचे तसेच. व्यावसायिक फुटबॉलला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती, ती सारी विद्यापीठांच्या संघांना होती. १९२६ साली न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाने ओवेनला पाचशे डॉलरला विकत घेतले. बाजारात याहून अधिक दराने विकले गेलेले लठ्ठ डुक्कर आपण पुष्कळ पाहिले आहेत, असे तो पुढे स्वतःच हसत सांगे. जायंट्सचे मालक टिम मारा हे घोड्यांच्या शर्यतींवर अधिकृतपणे पैजा घेणारे गृहस्थ होते. त्यांना या खेळातले फारसे कळत नव्हते, माणसे मात्र कळत असावीत.

त्या काळी खेळाडूला साठही मिनिटे मैदानावर राहावे लागे. चढाईही त्यानेच करायची आणि बचावही त्यानेच. एका पावखंडात बाहेर गेलेल्या गड्याला त्याच खंडात परत येण्याची मुभा नसे. डोक्याला चामड्याची टोपी, तोंडावर जाळी नाही. १९२७ साली ओवेन कर्णधार असताना या संघाने तेरा सामन्यांत अकरा जिंकले, एक हरला आणि एक बरोबरीत सोडवला. संपूर्ण हंगामात प्रतिपक्षांना मिळून फक्त वीस गुण करता आले. वीस! तेरांपैकी दहा सामन्यांत तर समोरच्यांना भोपळा फोडता आला नाही. हे कर्तृत्व पुष्कळसे त्या भिंतीचे.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शिकागो बेअर्सविरुद्ध पोलो ग्राउंड्सवर निर्णायक सामना झाला. जायंट्सने तो १३-७ असा जिंकला. ओवेनच्या समोर उभा होता जिम मॅकमिलन हा बेअर्सचा लाइनमन, तोही पुढे नामांकित मल्ल झाला. पूर्ण साठ मिनिटे हे दोघे एकमेकांशी झुंजत राहिले. सामना संपल्याचा बार झाला तेव्हा दोघेही जागच्या जागी मैदानावर बसले. उठण्याचे त्राण नव्हते. मॅकमिलनने थकलेल्या चेहऱ्याने हसून हात पुढे केला, ओवेनने तो हाती घेतला. बोलणे झाले नाही. पाच मिनिटे ते तसेच बसून होते. ओवेनने वर्णन केलेला हा प्रसंग वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि ग्रंथालयाच्या खिडकीबाहेर पडणारा बर्फ पाहत राहिलो. विजयाच्या गुणांहून तो हात आम्हाला मोठा वाटला, का ते सांगणे कठीण आहे.

१९३० सालच्या अखेरच्या दोन सामन्यांत ओवेनकडे आणि बेनी फ्रीडमन या नामांकित खेळाडूकडे संघ तात्पुरता सोपवला गेला. पुढच्या वर्षापासून प्रशिक्षकपद एकट्या ओवेनकडे आले आणि १९५३ पर्यंत राहिले. टिम मारांनी हात पुढे केला, ओवेनने तो धरला, आणि वर्षे उलटत गेली. महामंदी आली नि गेली, दुसरे महायुद्ध आले नि गेले. मारांनी १९३० मध्येच संघ आपल्या मुलांच्या, जॅक आणि वेलिंग्टन यांच्या नावे केला होता. वेलिंग्टन तेव्हा चौदा वर्षांचा. ओवेन न्यूयॉर्कला आला तेव्हा तर तो दहा वर्षांचा पोर होता. ओवेनचे या घरी जाणेयेणे घरच्यासारखे असे.

या तेवीस वर्षांतला सर्वांत गाजलेला दिवस ९ डिसेंबर १९३४ चा. अंतिम सामना पुन्हा शिकागो बेअर्सशीच, आणि बेअर्स त्या हंगामात तेराच्या तेरा सामने जिंकून आलेले. त्यांतले दोन याच जायंट्सविरुद्धचे. थंडीने मैदान काचेसारखे गोठलेले. खिळ्यांचे बूट त्यात रुतेनात, जो तो घसरून पडे. रे फ्लाहर्टी नावाच्या खेळाडूने सकाळीच सुचवले होते की रबरी तळव्यांचे साधे कॅनव्हासचे बूट मिळाले तर पाय टिकतील. पण रविवार, दुकाने बंद. तेव्हा एब कोहेन या गृहस्थाला आठवण झाली मॅनहॅटन महाविद्यालयाच्या क्रीडासाहित्याच्या खोलीची. हा पेशाने शिंपी. तेथील साहित्याची व्यवस्था तो पाहत असे आणि जायंट्सच्या खेळाडूंची हवी नको तीही पाही. तो टॅक्सी करून गेला आणि मध्यंतरापर्यंत बुटांचे मोजके जोड घेऊन परतला. तोवर बेअर्स १०-३ ने पुढे. तिसऱ्या पावखंडात १३-३ झाले. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत जायंट्सने सत्तावीस गुण केले. सामना ३०-१३. केन स्ट्राँग या खेळाडूने एकट्याने सतरा गुण मिळवले.

अमेरिकेत हा सामना 'स्नीकर्स गेम' म्हणून ओळखला जातो. आम्हाला मात्र त्यात स्ट्राँगपेक्षा कोहेन अधिक भेटला. त्या दिवशी पोलो ग्राउंड्सवर पस्तीस हजार लोक होते, आणि सामना फिरवणारा मनुष्य टॅक्सीत बुटांची गाठोडी सांभाळत बसला होता. खेळाडूंची सूचना ऐकून तत्काळ माणूस धाडणारा वरिष्ठ मिळणे ही काय चीज आहे, हे ज्याने कधी हाताखाली काम केले आहे त्यालाच कळेल. आमच्या सेवाकाळात असली सूचना आधी उचित मार्गाने सादर झाली असती.

१९३८ साली ग्रीन बे संघाला २३-१७ असे हरवून ओवेनने दुसरे विजेतेपद मिळवले. त्या वर्षी तो आपले खेळाडू दोन तुकड्यांत वाटून आलटून पालटून मैदानावर उतरवत असे, जेणेकरून दम टिकावा. पुढे नियम सैल झाल्यावर जे सर्वांनी केले त्याचा हा पूर्वावतार. त्याचे एकंदर दीडशेहून अधिक विजय नोंदलेले आहेत. तरी एक गोष्ट लपवून चालणार नाही. हंगामाअखेरच्या निर्वाणीच्या दहा सामन्यांत तो दोनच जिंकला, आठ हरला. त्याचा स्वभाव जपून खेळण्याचा. धोका पत्करण्यापेक्षा चेंडू दूर लाथाडून प्रतिपक्षाच्या चुकीची वाट पाहणे त्याला आवडे. अशा माणसांच्या हातून कारभार बुडत नाही आणि फारसा झळकतही नाही. आम्ही हे अनुभवाने लिहीत आहोत.

पण जपून खेळणारा म्हणजे जुन्याला चिकटून बसणारा, असे नव्हे. १९४८ साली एम्लेन टनेल हा कृष्णवर्णी तरुण कोणाची शिफारस नसता थेट संघाच्या कचेरीत येऊन उभा राहिला आणि मला खेळवून पाहा म्हणाला. १९३४ ते १९४५ या काळात या संघटनेत एकही कृष्णवर्णी खेळाडू नव्हता, आणि जायंट्सने तर त्याआधी एकाही कृष्णवर्णी खेळाडूला घेतलेले नव्हते. टनेलला घेतले गेले, आणि ओवेनने त्याला बचावफळीत असे बसवले की पुढे तो स्वतः त्या कँटनच्या दालनात पोहोचला. तेथे स्थान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णी खेळाडू.

१९५० साली क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ दुसऱ्या एका संघटनेतून आला. तेथली चारही वर्षांची विजेतेपदे त्याने खिशात घातलेली होती. चेंडू फेकण्यात त्यांच्या ऑटो ग्रॅहमचा हातखंडा. ओवेनने त्यासाठी एक रचना योजली. पुढे सहा जण उभे राहिलेले दिसत, पण कडेचे दोघे चेंडू सुटताच मागे सरकून राखणीला लागत, आणि मागच्या चौघांसह तो आकार उघडलेल्या छत्रीसारखा होई. तिला 'छत्री'च म्हणू लागले. त्या सामन्याच्या पूर्वार्धात ग्रॅहमचा एकही फेक आपल्या माणसाच्या हाती पडला नाही. जायंट्स ६-० ने जिंकले. ब्राउन्सना एकही गुण न मिळण्याची ती पहिलीच वेळ. गंमत अशी की ओवेन फळ्यावर ढोबळ आकृती काढून बाजूला होई आणि तपशील खेळाडूंना समजावून सांगे तो टॉम लँड्री नावाचा बचावपटू. हाच लँड्री पुढे डॅलसचा प्रशिक्षक म्हणून एकोणतीस वर्षे गाजला. चांगल्या वरिष्ठाला स्वतःची आकृती हाताखालच्याने पुरी केलेली खपते.

१९५३ चा हंगाम वाईट गेला. बारांपैकी नऊ सामन्यांत हार. त्याच क्लीव्हलँडने डिसेंबरात ६२-१४ असा धुव्वा उडवला. तेव्हा जॅक आणि वेलिंग्टन या बंधूंनी ओवेनला सांगितले की आता पुरे. दहाव्या वर्षापासून ज्याने ओवेनला पाहिले त्या वेलिंग्टनने हे सांगणे म्हणजे वडिलांना घराबाहेर जा म्हणण्यासारखे होते, असे पुढे स्वतःच म्हटले आहे.

आम्ही या ठिकाणी बराच वेळ अडलो. आमच्यातला अधिकारी म्हणत होता, पाहा, लेखी असते तर मुदत असती, नोटीस असती, काही रक्कम मिळाली असती. पण तीर्थरूपांचा मुलगा दुसरेच काही मोजत होता. या मनुष्याला तेवीस वर्षांत, प्रत्येक हंगामाच्या शेवटी, केव्हाही निघून जाता आले असते. मालकांनाही त्याला केव्हाही काढता आले असते. कागद असता तर तेवीस वर्षे झाली असती का? आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. आमच्या कोठीवरही ती नऊ वर्षे कोणी मोडली नाहीत. ती मोडली पुढे, ज्यांनी शब्द दिलाच नव्हता त्यांनी.

आणि म्हणून तो चौकीदार आठवतो. नव्वदच्या दशकात आम्ही एका जिल्ह्यात होतो. तेथल्या तालुक्याच्या गावी एका सरकारी विश्रामगृहावर तो रोजंदारीने राखण करीत असे. स्थायी करण्याविषयी त्याचा अर्ज आमच्या टेबलावर आला. चौदा वर्षे काम केले, आधीच्या साहेबांनी शब्द दिला होता, असे त्यात कोणाकडून तरी लिहवून घेतलेले होते. आधीचे साहेब दूरच्या जिल्ह्यात बदलून गेलेले. त्यांना एक पत्र घालून विचारता आले असते. नियमात तशी मनाई नव्हती. आम्ही नस्तीवर हिंदीत एक ओळ लिहिली, तिचा भावार्थ असा की तोंडी आश्वासनास अभिलेखात आधार आढळत नाही. अक्षर आमचे नेहमीप्रमाणे सुवाच्य होते. त्याला बोलावून सांगितले तेव्हा तो वाद न घालता "जी साहब" म्हणाला आणि जाताना दार हलकेच लोटून घेतले. सायंकाळी घरी जेवताना तीर्थरूपांनी विचारले, आज काय केलेस. आम्ही काही विशेष नाही असे सांगितले.

ओवेनची पुढची हकीकत त्रोटक आहे. बेलर विद्यापीठात, मग फिलाडेल्फियाच्या संघात त्याने साहाय्यकाचे काम केले. साठीच्या उंबरठ्यावर कॅनडात जाऊन टोरांटो, कॅल्गरी आणि सस्कॅचवान असे तीन संघ सांभाळले, आणि १९६२ साली तेथला वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. अखेर तो जायंट्सकडेच परतला, नवे खेळाडू हेरून आणण्याच्या कामावर. १७ मे १९६४ रोजी न्यूयॉर्क प्रांतातील ओनायडा येथे तो वारला. कँटनच्या दालनात त्याला स्थान मिळाले ते १९६६ मध्ये, त्याच्या पश्चात.

इंदुरास परतल्यावर गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही त्या तालुक्याच्या गावी गेलो होतो. वऱ्हाडाची गाडी निघायला अवकाश होता, तेव्हा पायी विश्रामगृहाकडे गेलो. आंब्याचे झाड आहे, कुंपण नवीन झाले आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण उठून उभा राहिला. आम्ही जुन्या चौकीदाराचे नाव घेतले. त्याने ते ऐकलेले नव्हते. तो एका एजन्सीमार्फत लागला होता, आपला करार अकरा महिन्यांचा असून लेखी आहे, असे त्याने न विचारता सांगितले. खोली उघडू का म्हणाला. आम्ही नको म्हटले आणि व्हरांड्यातल्या बाकावर थोडा वेळ बसलो. त्याने आतून पाण्याचा गडू आणून दिला. निघताना आम्ही हात पुढे केला, तर तो गोंधळला, आपला हात आधी पँटला पुसला आणि मग दिला.